अनुदान कमी पडलं, ते कुठल्या कागदावर?

वाचकाचं पत्र

माढा तालुक्यात सीना नदीकाठी आमची शेती आहे. नवऱ्याच्या नावावर १ हेक्टर २० आर. त्यात ८० आर तूर आणि विहिरीवरचा ४० आर कांदा होता. सासऱ्यांच्या नावावर नदीला लागून ६० आर, तिथंही तूरच. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सगळं गेलं. नदीलगतच्या तुकड्याची माती खरडून मुरूम उघडा पडलाय, विहीर गाळानं भरलीय. दोन म्हशी, एक रेडकू आणि पाच शेळ्या गेल्या. एक म्हैस दावणीलाच मेली, तिचा पंचनामा झाला. बाकीची जनावरं वाहून गेली, सापडली नाहीत.

नवऱ्याच्या खात्यात आधी १०,२०० रुपये पडले. नंतर १२,००० आले, पण बँकेनं पीककर्ज थकलंय म्हणून ते होल्ड करून ठेवलेत. सासरे २०२३ मध्ये वारले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांच्या नावानं विके नंबर (अनुदानाच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) आलाय, पण ई-केवायसीला अंगठा कुणाचा लावणार? तलाठी म्हणतात, यादी वरून आली. आम्ही नेमकं कुणाकडे जायचं?

— एक शेतकरी, तालुका माढा

सल्ला

ताई, यादी वरून येत नाही, वर जाते. गावातला पंचनामा तहसीलला जातो, तिथून जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्तांमार्फत मदत व पुनर्वसन विभागाकडे. शासन निर्णय निघून निधी मंजूर झाला की तहसील कार्यालय शेतकरीनिहाय यादी पोर्टलवर चढवतं आणि पैसे थेट खात्यात पडतात. वरच्या कुठल्याही टेबलावर कुणी तुमचं शेत पाहिलेलं नसतं. पंचनाम्यात जे क्षेत्र, जे पीक आणि जो प्रकार लिहिला गेला, त्याला दरानं गुणलं की तुमची रक्कम तयार. म्हणून कमी पडलेल्या प्रत्येक रुपयामागे कुठली ना कुठली नोंद चुकलेली असते. ती सापडली की कुणाकडे जायचं हे आपोआप ठरतं.

आधी १०,२०० चा हिशेब करू. २०२५ च्या खरिपासाठी पिकांचे दर असे होते: जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००. शंभर आरांचा एक हेक्टर, म्हणजे जिरायत ८५ रुपये आर, बागायत १७० रुपये आर आणि बहुवार्षिक २२५ रुपये आर. हे तीन आकडे पाठ करून ठेवा, पुढच्या वेळीही सातबाऱ्यावरचे आर घेऊन गुणाकार करता येईल. दर बदलतात, हेही लक्षात असू द्या. २०२४ मध्ये जिरायतीला १३,६०० होते, मे २०२५ च्या शासन निर्णयानं ते पुन्हा ८,५०० वर आले. मर्यादा दोन हेक्टरांची होती, राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या पूरमदत पॅकेजमध्ये ती तीन हेक्टर केली.

१०,२०० ला ८५ नं भागा. १२० येतात. म्हणजे तुमचं सगळं १२० आर क्षेत्र जिरायत धरलंय आणि कांद्याचं बागायत गळालंय. बरोबर हिशेब असा: तुरीचे ८० आर गुणिले ८५ म्हणजे ६,८००, कांद्याचे ४० आर गुणिले १७० म्हणजे आणखी ६,८००. एकूण १३,६००. तुम्हाला ३,४०० रुपये कमी मिळालेत.

ही चूक बहुधा ई-पीक पाहणीत झालेली असते. ॲपमध्ये पीक नोंदवताना सिंचनाचं साधन विचारतात, तिथं घाईत काहीतरी दाबलं जातं किंवा सगळ्या गटावर एकच पीक चढवलं जातं. ती नोंद गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात, जाते आणि पंचनामा करणारे तिथूनच उचलतात. गावात दोनशे-तीनशे खातेदार आणि हाताशी आठ दिवस असले की प्रत्येक वाफा पाहणं होत नाही. तेव्हा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा आणि २०२५ खरिपासमोर काय लिहिलंय ते वाचा. कांदा आणि विहीर असं स्पष्ट असेल तर चूक पंचनाम्याची आहे, अर्ज सोपा आहे. तिथं ४० आरांसमोरही तूर लिहिलेली असेल तर पुरावा तुम्हाला जोडावा लागेल: शेतीपंपाचं वीजबिल, कांदा बियाणं-खताची पावती, तारीख असलेले फोटो, आणि विहिरीची सातबाऱ्यावरची नोंद. ‘बागायत क्षेत्र जिरायत नोंदल्याने फरकाची रक्कम मिळणेबाबत’ असा विषय लिहून तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या. आवक शिक्का मारलेली दुसरी प्रत परत घ्या. तोंडी सांगून आलात तर त्याची कुठंच नोंद राहत नाही.

अर्ज लिहिण्याआधी पंचनाम्याची प्रत मागा. तो तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) यांनी मिळून केलेला असतो. मागूनही मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तहसीलच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मागणी मोघम नको. ‘गट क्रमांक अमुक, सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टी व पूर नुकसानीचा संयुक्त पंचनामा आणि तयार झालेल्या यादीतील आमच्या नावाची ओळ’ एवढंच लिहा.

१२,००० रुपये हे पॅकेजमधले बियाणं आणि रब्बीच्या तयारीसाठीचे हेक्टरी १०,००० आहेत. आराला शंभर रुपये, जिरायत-बागायत भेद नाही. तुमचे १२० आर, म्हणजे रक्कम बरोबर आहे. चूक बँकेची आहे. मदतीच्या शासन निर्णयांत कायम एक कलम असतं: या रकमेतून कोणत्याही बँकेनं कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. तुमची रक्कम ज्या निर्णयानं मंजूर झाली त्याची प्रत राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून काढा, ते कलम पेनानं अधोरेखित करा आणि शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या की ही आपत्ती मदतीची रक्कम आहे, होल्ड उठवावा. पासबुकातल्या त्या नोंदीची झेरॉक्स जोडा. एक प्रत तहसीलदारांना आणि एक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला. बहुतेक वेळा संगणकानं थकीत खात्यावर आपोआप लावलेला होल्ड असतो आणि अर्ज दिला की उठतो. तीस दिवसांत उठला नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. पैसे कर्जात वळतेच करून घेतले असतील तरी अर्ज हाच, फक्त ‘होल्ड उठवावा’ऐवजी ‘रक्कम परत जमा करावी’.

आता सासऱ्यांच्या ६० आरांचं. शेतीच्या मदतीतली मोठी रक्कम इथं आहे आणि वेळही इथंच लागणार आहे.

मृत माणसाच्या विके नंबरवर दुसऱ्या कुणाचा अंगठा चालत नाही, आणि कुणी ‘करून देतो’ म्हणालं तरी करू नका. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत बोगस लाभार्थी दाखवून अनुदान लाटल्याची प्रकरणं २०२५ मध्ये उघड झाली, कर्मचारी निलंबित झाले. तेव्हापासून नावात काडीचा फरक दिसला तरी फाईल बाजूला पडते. सरळ रस्ता वारस नोंदीचाच आहे. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं, नातं आणि पत्ता लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, वारसांचे आधार, सातबारा आणि आठ-अ (खात्यातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) एवढे कागद तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर द्या. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. तलाठी वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये घेतात, चौकशी होते, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, धरला जातो. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते आणि ती संपल्यावर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. कुणी हरकत घेतली नाही तरी महिना-दीड महिना धरून चाला. एप्रिल २०२५ पासून शासनानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली ती याच अडचणीसाठी, अर्जात तिचा उल्लेख करा.

वारस कोण, याबाबत एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. सासूबाई, तुमचे पती, दीर असतील तर ते, आणि नणंदाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं सगळ्यांचा वाटा सारखा. लवकर काम व्हावं म्हणून नणंदेचं नाव गाळलं तर फेरफार पुढं रद्द होऊ शकतो. आणि अनुदान एका खात्यावर यावं म्हणून बाकीच्यांनी द्यायचं असतं ते संमतीपत्र: ‘या नुकसानीची मदत अमुक यांच्या खात्यावर जमा करण्यास आमची हरकत नाही.’ ते हक्कसोड पत्र नव्हे. गडबडीत नणंदेकडून हक्कसोडवर सही घेतल्याची आणि मग घरं कायमची तुटल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. काही हजारांच्या अनुदानासाठी जमिनीचा हक्क कुणी सोडायची गरज नाही. सह्या घ्यायच्या आधी कागद मोठ्यानं वाचून दाखवा.

फेरफार झाला की लगेच सेवा केंद्रात जाऊन तुमच्या पतींच्या शेतकरी ओळख क्रमांकाला हा नवा गट जोडून घ्या. ही पायरी लोक हमखास विसरतात. ओळख क्रमांक आहे, पण त्यात जुनाच गट, मग नव्या गटाची मदत अडते. ज्यांची ॲग्रिस्टॅकमध्ये, म्हणजे हा ओळख क्रमांक देणाऱ्या सरकारी प्रणालीत, नोंदणी पूर्ण आहे त्यांना या वेळी वेगळी ई-केवायसी लागली नाही, पतींचे पैसे लवकर पडले ते बहुधा त्यामुळेच. त्यानंतर तहसीलदारांकडे अर्ज द्या: मयत खातेदाराचा विके क्रमांक अमुक, सोबत प्रमाणित फेरफार, वारसांचा आधार, संमतीपत्र, पासबुक, यादीत दुरुस्ती करावी. पण त्यासाठी फेरफार होईपर्यंत थांबू नका. आजच एक साधा अर्ज देऊन ठेवा की खातेदार मयत आहेत, वारस नोंद सुरू आहे, रक्कम प्रलंबित ठेवावी. आर्थिक वर्षाच्या अखेरीला न वाटलेला निधी परत जातो, आणि तेव्हा आपला अर्ज फाईलला लागलेला असणं फार महत्त्वाचं ठरतं.

आता त्या ६० आरांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय ते बघा, कारण तिथं शब्दाशब्दाला पैसे आहेत. फक्त ‘तूर, नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा जास्त’ एवढंच असेल तर ८५ रुपये आरानं ५,१०० होतात. ‘शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला’ असं असेल तर गाळ काढायला हेक्टरी १८,०००, म्हणजे ६० आरांचे १०,८००. आणि ‘जमीन खरडून गेली’ असं असेल तर हेक्टरी ४७,०००, म्हणजे २८,२००. तुमच्या शेतातली परिस्थिती तिसरी आहे. जमिनीचा पंचनामा पिकाच्या पंचनाम्याहून वेगळा असतो, आणि पीक नोंदून माणसं पुढं गेली की तो राहून जातो. केंद्राच्या निकषांत जमिनीची ही मदत अल्प व अत्यल्पभूधारकांसाठी, म्हणजे दोन हेक्टरांपर्यंतच्यांसाठी आहे. तुमची दोन्ही क्षेत्रं मिळून १ हेक्टर ८० आर, त्यामुळं इथं अडचण नाही. फेर-पंचनामा मागताना फोटोत माणूस आणि टेप दोन्ही दिसू द्या: बांधाची जुनी पातळी किती होती, माती किती इंच गेली, मुरूम कुठून कुठपर्यंत उघडा आहे.

पॅकेजमध्ये अशा जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची तरतूद जाहीर झाली होती. ती खात्यात पडणारी रक्कम नाही. ते काम म्हणून मंजूर होतं, ग्रामपंचायतीकडे मागणी नोंदवावी लागते, जॉब कार्ड लागतं. नसेल तर या आठवड्यात काढा.

माती भरायचा अंदाज आधीच घ्या, म्हणजे २८,२०० रुपये किती पुरतील ते कळेल. ६० आर म्हणजे ६,००० चौरस मीटर. सहा इंचांचा थर द्यायचा तर साधारण ९०० घनमीटर माती लागते, म्हणजे सव्वातीनशे ब्रास. एवढ्या खेपा एका हंगामात विकत आणणं लहान शेतकऱ्याला झेपत नाही. तलावातला गाळ मिळत असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत लहान शेतकऱ्याला एकरी १५,००० पर्यंत वाहतुकीचं अनुदान आहे, अडीच एकरांपर्यंत. तुमचा तुकडा दीड एकराचा, म्हणजे जास्तीत जास्त २२,५००. गाळ टाकण्याआधी नदीकडचा बांध घाला, नाहीतर पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा सीनेतच जाईल. आणि निव्वळ चिकण गाळाचा जाड थर एकदम देऊ नका, पाणी धरून बसतो. मुरमात मिसळून घ्या आणि पहिल्या पावसाला ताग किंवा धैंचा पेरून गाडा.

विहिरीचे वेगळे ३०,००० आहेत. गाळानं बुजलेल्या किंवा खचलेल्या विहिरीसाठी ही मदत पॅकेजमध्ये होती. विहीर सातबाऱ्यावर नोंदलेली आहे ना ते पाहा. गाळ काढायला सुरुवात करण्याआधी पंचनामा करून घ्या. उपसून स्वच्छ केलेल्या विहिरीचा पंचनामा कोण करणार?

जनावरांचं वाचून वाईट वाटलं. दोन म्हशींचं दूध म्हणजे घराचा रोजचा बाजार, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत तरी कळतं. दर असे आहेत: दुधाळ म्हैस किंवा गाय ३७,५००, बैल ३२,०००, वासरू-रेडकू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. एरवी तीन मोठ्या जनावरांची मर्यादा असते, या पॅकेजमध्ये ती काढली होती. तुमचे दोन म्हशींचे ७५,०००, रेडकाचे २०,००० आणि शेळ्यांचे २०,०००, मिळून १,१५,००० होतात. त्यातली एकच म्हैस कागदावर आहे. म्हणजे ७७,५०० रुपये अजून कागदावरच आलेले नाहीत. तुमच्या सगळ्या प्रश्नांत ही रक्कम सगळ्यात मोठी आहे, म्हणून पहिला अर्ज याचाच द्या.

मेलेलं जनावर सापडलं की पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतात आणि तो अहवाल पुरावा ठरतो. वाहून गेलेल्याचं शव नसतं, तेव्हा ते जनावर तुमच्याकडे होतं हे आधी आणि पुरात गेलं हे नंतर, अशा दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिलीसाठी कानातला बिल्ला सगळ्यात भक्कम. बारा अंकी क्रमांक असतो आणि तो मालकाच्या नावानं भारत पशुधन प्रणालीत नोंदलेला असतो. जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराला आपत्तीची भरपाई नाही, असा नियम आहे. त्यामुळं आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पतींच्या आणि सासऱ्यांच्या, दोघांच्या नावानं शोधायला सांगा. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात बिल्ला मारलेला असतो आणि घरच्यांच्या लक्षात नसतो, असं पुष्कळदा होतं. त्याला जोड म्हणून दूध संकलन केंद्राची दहा-दहा दिवसांची बिलं काढा: पुराआधी दोन्ही वेळा मिळून किती लिटर जात होतं आणि नंतर शून्य. रेतनाची पावती, जनावराचा विमा असेल तर त्याचे कागद, मोबाईलमधले गोठ्याचे जुने फोटोही लावा.

दुसरीसाठी शेजारच्या दोन-तीन पंचांचे जबाब, सरपंचांचा दाखला आणि त्या रात्री पाणी गोठ्यात किती चढलं याची नोंद. दावणीला मेलेल्या म्हशीचा पंचनामा त्याच गोठ्याचा आहे, तो इथं तुमच्या बाजूनं बोलतो. त्याची प्रत या अर्जाला नक्की लावा. गोठा घराला लागून असेल आणि पडला असेल तर त्याचे ३,००० वेगळे.

पीकविम्याचं तुम्ही विचारलं नाही, पण गावात बोलणं होत असेल. विमा आणि हे अनुदान वेगळे आहेत, एक घेतलं म्हणून दुसरं बुडत नाही. मात्र खरीप २०२५ पासून राज्यात भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतात पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, ठरते. ७२ तासांत नुकसान कळवून वैयक्तिक भरपाई मिळण्याची आधीची सोय त्या हंगामात नव्हती, त्यामुळं कळवायचं राहिलं म्हणून हळहळू नका. विमा भरला असेल तर पावती जपून ठेवा.

पैसे पडले की नाही हे पाहताना नेहमीच्या पासबुकावर विसंबू नका. ही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं गेलं तिथं ती पडते. कुणीतरी शिबिरात उघडून दिलेलं जुनं खातंही असू शकतं. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर मोबाईलवरच्या ओटीपीनं बँक जोडणीची स्थिती दिसते. सासूबाईंच्या नावानं पैसे यायचे ठरले तर त्यांचं खातं आधीच तपासा. जनधनच्या लहान खात्यात वर्षाला एकूण एक लाखापर्यंतच जमा होऊ शकतं, त्यापुढची रक्कम अडू शकते. बँकेत पूर्ण केवायसी करून घेतलं की ती मर्यादा जाते.

एवढं करून तहसीलमध्ये महिनाभर काहीच हललं नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सोलापूरला जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. तिथं अर्ज आगाऊ द्यावा लागतो आणि सोबत तहसीलमध्ये दिलेल्या अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती लावाव्या लागतात. जनावरांचा, ६० आरांचा, विहिरीचा, बागायत फरकाचा, असे वेगवेगळे अर्ज करा. एकाच कागदावर चारही विषय लिहिले तर तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि कुठंच थांबत नाही.